लवंगेच्या तेलाने तण मारायचं तर

तण दोन ते चार पानांवर असतानाच गाठा. लवंगेचं तेल ज्या पानाला लागतं तेवढंच जाळतं, मुळापर्यंत उतरत नाही. मोठं झालेलं रोप वरून करपतं आणि काही दिवसांत बुडातून पुन्हा फुटतं. मग पुन्हा फवारा, पुन्हा तेल. हे तेल महाग असतं, त्यामुळे मी ते फरशीच्या फटी आणि वाफ्यांच्या कडा एवढ्यापुरतंच वापरते.

माझं प्रमाण असं: एक लिटर कोमट पाणी, ५० मिली लवंगेचं तेल, १० मिली भांडी घासायचा पातळ साबण. आधी तेलात साबण मिसळा, मग थोडं थोडं पाणी घालत ढवळत राहा. तेल थेट पाण्यात ओतलं तर तळाशी जाऊन बसतं, कारण ते पाण्यापेक्षा जड आहे. दुधट रंग आला की जमलं. फवारतानाही बाटली मधूनमधून हलवायलाच हवी.

कडक ऊन, कोरडी पानं, पडलेला वारा असा दिवस निवडा आणि पान ओलंचिंब करा. घोळीचं कोवळं रोप जवळून पाहिलंत तर आधी पानं गडद, भिजल्यासारखी दिसतात, मग देठ मान टाकतात. तेलातलं युजेनॉल पेशींची आवरणं फोडतं, आतलं पाणी बाहेर येतं आणि उरलेलं काम ऊन करतं. ढगाळ दिवशी मला हा परिणाम कधीच नीट मिळालेला नाही.

एकदा झुळूक असताना घाई केली आणि वांग्याची खालची पानं डागाळली. या तेलाला तण कोणतं आणि वांगं कोणतं हे कळत नाही. आता मी डाव्या हातात पुठ्ठा आडवा धरूनच फवारते.

हरळी आणि लव्हाळ्यावर तेल वाया घालवू नका. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत सुरक्षित राहतात. तिथे खुरपं घेऊन गाठीसकट उपसणं हाच उपाय.

नैसर्गिक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. निव्वळ तेल कातडीला चांगलंच भाजतं, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच. घरात मांजर असेल तर जागा पूर्ण वाळेपर्यंत तिला तिकडे फिरकू देऊ नका. काम झालं की पंप साबणाच्या पाण्याने लगेच धुवा, नाहीतर आतले रबरी वॉशर फुगून बसतात.