त्रैक्याला उपमा शोधू नका : ख्रिस्ती सिद्धांताचा अभ्यास हाती घेणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती सिद्धांताच्या पेपरात मी पहिल्या खेपेस नापास झालो. शंभरपैकी ३१ गुण. माझा जन्म ख्रिस्ती घरातला, आजोबा नगरकडून नोकरीसाठी इंदूरला आलेले, आणि मी स्वतः ९ वर्षे रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होतो. त्यामुळे तो निकाल घरी सांगताना वाटलेली लाज दहावीला गणितात राहिलो असतो तरी वाटली नसती. दिवसा एका पतसंस्थेत हिशेब पाहायचे आणि रात्री बाह्य विद्यार्थी म्हणून ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचा अभ्यास करायचा, असा तो काळ होता. आज जे कोणी अशीच नोकरी सांभाळून हा अभ्यास सुरू करत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बायबल तुम्ही वाचलेले आहे आणि शुभवर्तमाने व पत्रे यांतला फरक तुम्हांला सांगावा लागणार नाही, असे मी धरून चालतो.

पहिलाच प्रश्न असा होता : सर्व खऱ्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना समान असलेले मूलभूत विश्वास स्पष्ट करा. ‘खऱ्या’ या शब्दाने माझा घात केला. आमच्या घरात खरा ख्रिस्ती म्हणजे दारू न पिणारा, उपासना न चुकवणारा, दशांश देणारा आणि सिनेमाला नाक मुरडणारा माणूस. मी जवळजवळ हीच यादी जरा भारदस्त शब्दांत उतरवून आलो. या गोष्टी चांगल्या असतील किंवा नसतील, पण त्या वर्तनाच्या आहेत, आणि प्रश्न विश्वासाचा होता. शिवाय त्या यादीने पाहिले तर लाल चर्चला जाणारा माझा कॅथलिक सहकारी आणि शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या, केरळच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स मंडळीतल्या घरच्या मल्याळी परिचारिका ‘खऱ्या’तून परस्पर बाद होत होत्या. मी त्यांना बाद करायला बसलो नव्हतो. त्यांचा विचारच माझ्या मनात आला नव्हता, आणि परीक्षकाने नेमके तेच पकडले.

समान विश्वास शोधायचा तर जुन्या मतांगिकारांकडे, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या ठरावीक कबुल्यांकडे, जावे लागते. प्रेषितांचा मतांगिकार तुम्हांला पाठ असेलच. त्याच्या जोडीला इ. स. ३२५ मध्ये निकीया येथे तयार झालेला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे विस्तारलेला मतांगिकार घ्या. एकच देव, जो सर्वांचा उत्पन्नकर्ता आहे, त्याचा पुत्र येशू ख्रिस्त, जो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, त्याचे कुमारीपासून जन्म घेणे, आमच्यासाठी वधस्तंभावर मरणे, तिसऱ्या दिवशी उठणे आणि न्याय करण्यास पुन्हा येणे, पवित्र आत्मा, एक पवित्र सार्वत्रिक मंडळी, पापांची क्षमा, मृतांचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक सर्व प्रॉटेस्टंट हे मान्य करतात. पुष्कळ बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत मतांगिकार मोठ्याने म्हणण्याची रीत नाही, पण त्यातला आशय ते नाकारत नाहीत. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक मात्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे असूनही देव एकच, हे मानत नाहीत आणि म्हणून या मोजमापात बसत नाहीत. हे लिहिताना त्यांच्याविषयी तुच्छतेचा एकही शब्द येऊ देऊ नका, कारण सिद्धांताची सीमा आखणे वेगळे आणि माणसाचा पाणउतारा करणे वेगळे.

इतके लिहिता आले की उत्तीर्ण होण्यापुरते काम होते. पण मी ज्या खड्ड्यात पडलो तो पुढच्या प्रश्नात होता, आणि त्याविषयी मी थोडे जास्तच बोलणार आहे.

त्रैक्य समजावून सांगा, असा तो प्रश्न. मी आनंदलो, कारण रविवारच्या शाळेतला माझा हातखंडा विषय तोच होता. पाणी, बर्फ आणि वाफ : पदार्थ एक, रूपे तीन. त्याखाली दुसरे उदाहरण : एकच माणूस कोणाचा बाप, कोणाचा मुलगा आणि कोणाचा नवरा असतो. उत्तरपत्रिका परत पाहायला मिळाली तेव्हा दोन्ही उदाहरणांवर लाल रेघ होती आणि समासात एकच शब्द होता : ‘सबेल्लियस’. तिसऱ्या शतकातल्या ज्या शिक्षकाची शिकवण मंडळीने चूक ठरवली, तीच मी ९ वर्षे लहान मुलांना चित्रे काढून शिकवत आलो होतो. पिता, पुत्र आणि आत्मा ही एकाच देवाने वेळोवेळी घेतलेली रूपे आहेत, हे त्याचे म्हणणे. आता यार्देन नदीतला येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग आठवा. पुत्र पाण्यातून वर येतो आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याची वाणी आकाशातून होते आहे, आणि हे सारे एकाच वेळी. पाण्याचा तोच थेंब एकाच क्षणी बर्फ आणि वाफ होत नाही. गेथशेमाने बागेत येशू जी प्रार्थना करतो ती तरी मग कोणाला करतो, स्वतःलाच का?

बरे, हे टाळायला गेले की माणूस दुसऱ्या बाजूला कोसळतो. अंड्याचे कवच, पांढरे आणि पिवळे, असे म्हटले की देवाचे तीन तुकडे होतात. एका घरातली तीन माणसे म्हटले की तीन देव होतात. मराठीत तर ‘तीन व्यक्ती’ असे म्हणताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खुर्च्यांवर बसलेली तीन माणसे येतात, कारण व्यक्ती हा शब्द आपण रोज त्याच अर्थाने वापरतो. सूर्य, त्याचा किरण आणि त्याची ऊब ही उपमा जुनी आणि प्रतिष्ठित आहे, पण किरण म्हणजे सूर्य नव्हे; ती ताणली की पुत्र पित्याहून उणा ठरतो आणि आपण अलेक्झांड्रियाच्या एरियसच्या दारात जाऊन उभे राहतो. पुत्र नव्हता असा एक काळ होता, हे एरियसचे मत. त्यालाच उत्तर म्हणून निकीयाच्या सभेने ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ आणि ‘पित्याशी एकतत्त्व’ हे शब्द घातले. ‘एकतत्त्व’ आणि ‘समानतत्त्व’ (म्हणजे नुसते सारख्या तत्त्वाचा) यांसाठीच्या ग्रीक शब्दांत फरक फक्त एका अक्षराचा आहे, आणि एवढ्याशा अक्षरावरून भांडणाऱ्यांना लोक आजही हसतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतल्या वेलांटीसाठी शाळेत छड्या खाल्लेल्या मराठी माणसाने तरी हसू नये. ‘एकतत्त्व’ धरून बसलेल्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसला याच शब्दापायी पाच वेळा हद्दपार व्हावे लागले आणि आयुष्याची सुमारे १७ वर्षे परागंदा काढावी लागली.

एक घरगुती प्रसंग सांगतो. आम्ही रामबागेत राहत असताना शेजारच्या काकूंच्या घरी दत्तजयंती मोठी होत असे. एकदा त्यांनी आमच्या त्रैक्याविषयी विचारले आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, तुमच्या दत्तासारखेच, काकू. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, आमच्याकडे तीन देव आहेत आणि ते एका देहात आले. तुमच्याकडे देव एकच म्हणतोस, मग तीन आणलेस कुठून?’ जे परीक्षकाला लाल शाईने सांगावे लागले ते काकूंनी आधीच तोंडावर सांगितले होते. मी ते हसण्यावारी नेले. समोरच्याच्या श्रद्धेतले उदाहरण उचलले की आपले मोठे मन दिसते असे आपल्याला वाटते, पण त्यात त्याच्या श्रद्धेचीही ओढाताण होते आणि आपल्याही.

आपल्या भाषेतले तयार शब्द हा याच खड्ड्याचा दुसरा काठ आहे. ‘अवतार’ घ्या. भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी हा शब्द विचारपूर्वक वापरलेला आहे, पण नवशिक्याने तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गीतेतला अवतार धर्माला ग्लानी येईल तेव्हा तेव्हा होतो; ख्रिस्ताचे देहधारण एकदाच झाले, आणि पुनरुत्थानानंतरही त्याने मनुष्यपण टाकून दिले नाही. ‘शब्द देही झाला’ या योहानाच्या वाक्यात देहाचे सोंग नाही. तो देह भुकेला होतो, विहिरीपाशी थकून बसतो, लाजराच्या कबरेजवळ रडतो. ‘मोक्ष’ लिहू नका, ‘तारण’ लिहा. पतसंस्थेत दिवसभर ‘सोने तारण’ लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला या शब्दाचे सुरुवातीला हसू येत असे, पण निदान जन्ममृत्यूच्या फेऱ्याचा संदर्भ तो मागून आणत नाही. आम्हा इंदूरकरांची आणखी एक अडचण म्हणजे उपासना हिंदीत, बायबल मराठीत आणि नोट्स इंग्रजीत. मी शेवटी एक वही केली आणि प्रत्येक संज्ञेपुढे तिन्ही भाषांतले शब्द लिहून काढले. दुसऱ्या खेपेस मला वाचवले ते त्या वहीने.

आता आयत्या वाटांविषयी. ‘दहा मुद्द्यांत ख्रिस्ती विश्वास’ अशा झेरॉक्स चिठ्ठ्या परीक्षेच्या आधी हातोहाती फिरतात. त्या घेऊ नका. त्यांतले मुद्दे चुकीचे असतात असे नाही. मतांगिकारातला प्रत्येक शब्द कोणत्या तरी चुकीला उत्तर म्हणून आलेला आहे, आणि ती चूक ठाऊक नसेल तर शब्द नुसता पाठ होतो. ‘पंतय पिलाताच्या वेळेस’ हे तीन शब्द तिथे का आहेत, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारून पाहा. तो रोमी सुभेदार काही विश्वास ठेवण्याची वस्तू नव्हे. पण त्याच्या नावामुळे वधस्तंभ पुराणकाळातून निघून यहूदिया प्रांताच्या इतिहासातल्या एका ठरावीक कारकिर्दीत येऊन उभा राहतो.

मार्गदर्शकांच्या बाबतीतही मी थोडा कडवट आहे. माझे पहिले मार्गदर्शक प्रत्येक शंकेला ‘विश्वास कमी पडतो आहे’ असे म्हणत, आणि मी दीड वर्ष तसे समजून प्रार्थना वाढवत राहिलो. वाचन वाढवायला हवे होते. दुसरे एक निवृत्त पाळक मिळाले, ते उत्तर देण्याऐवजी ‘हे कोणी नाकारले होते?’ असा उलटा प्रश्न करीत आणि अधूनमधून ‘मला ठाऊक नाही, पाहून सांगतो’ असे म्हणत. असा माणूस मिळाला तर त्याच्या घरी पोहे खायच्या निमित्ताने का होईना, जात राहा. शंका येणे हे अपात्रतेचे लक्षण नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही त्रैक्य व ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्या तिथल्या मठातल्या भगिनींशी पत्रांतून वाद घालत होत्या. संस्कृतच्या त्या पंडितेला जे सहज गिळता आले नाही ते आपल्याला एका सत्रात पचावे, हा आग्रह कशासाठी?

मतभेदांची बाजू मी थोडक्यात उरकतो, कारण तिथे नवशिका मुळातच गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतो. पोपचा अधिकार, मरियेचे स्थान, संस्कार ७ की २, बायबलची पुस्तके ७३ की ६६, बालकांचा बाप्तिस्मा, हे सारे खरे आणि महत्त्वाचे भेद आहेत. ते समान गाभ्यात घुसवू नका आणि गाभ्याच्या नावाखाली क्षुल्लकही ठरवू नका. विश्वासाने नीतिमान ठरवले जाण्याच्या ज्या प्रश्नावरून सोळाव्या शतकात पश्चिमेकडची मंडळी फुटली, त्यावर कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, एवढे एक उदाहरण पुरते. जवळचे उदाहरण हवे असेल तर १८८७ मध्ये इंदूरला ख्रिश्चन कॉलेज काढणारे कॅनडाचे मिशन प्रेस्बिटेरियन होते, म्हणजे बालकांना बाप्तिस्मा देणारे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा बालकांना तो न देणारे बॅप्टिस्टही तीत आले, आणि दोन्ही रीती एका छताखाली राहिल्या.

दुसऱ्या खेपेस त्रैक्याचा प्रश्न पुन्हा आला. या वेळी एकही उपमा न देता यार्देनचा प्रसंग, मग एरियस, मग सबेल्लियस आणि शेवटी मतांगिकारातली ‘पित्याशी एकतत्त्व’ ही ओळ, असे लिहिले. ५८ गुण मिळाले. फार नाहीत, पण त्या पानावर लाल रेघ नव्हती.

एक गोष्ट मात्र परीक्षेने सुटली नाही. ‘शरीराचे पुनरुत्थान’ याचा अर्थ आत्मा अमर आहे असा नव्हे आणि पुनर्जन्म तर नव्हेच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात पौल पेरलेल्या बीचा दाखला देऊन मातीत जाणाऱ्या याच देहाविषयी बोलतो. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, हे आपल्यालाही इतरांकडूनच मिळाले होते असे तो त्याच अध्यायाच्या सुरुवातीला सांगतो, म्हणून अभ्यासाची सुरुवात मी कोणालाही तिथूनच करायला सांगतो. हे सारे मी उत्तरपत्रिकेत व्यवस्थित लिहिले होते. त्यानंतर चार महिन्यांनी वडील गेले. दफनभूमीत माती लोटताना कार्यालयातले लोक ‘आत्म्याला शांती मिळो’ म्हणत होते, आणि माझे शब्द त्यांच्यापेक्षा वेगळे आहेत हे ठाऊक असूनही ते माझ्या तोंडून निघत नव्हते. आजही रविवारी मतांगिकार म्हणताना त्या ओळीपाशी माझा आवाज खाली जातो. शेजारी आई उभी असते. ती ओळ ती मोठ्याने म्हणते, आणि मी तिच्या मागून.