टर्बो लावलेल्या फोक्सवॅगन बीटलसाठी पिस्टन-सिलिंडर

८८ मिमी बोअरचे (आतल्या व्यासाचे) 'स्लिप-इन', म्हणजे इंजिन न कापता बसणारे, सिलिंडर टर्बोला घेऊच नका. भिंत पातळ असल्याने ते तापल्यावर वेडेवाकडे होतात, मग कॉम्प्रेशन गळतं. ९२ मिमीचा जाड भिंतीचा सेट सर्वांत भरवशाचा. त्यासाठी क्रँककेस (इंजिनचं मुख्य आवरण) आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) यांची भोकं ९४ मिमीच्या सेटला लागतात त्याच मापाला कापून मोठी करावी लागतात. ६९ मिमी स्ट्रोकवर (पिस्टनच्या धावेवर) १८३५ सीसी मिळतात.

पिस्टन फोर्ज्डच, म्हणजे दाबून घडवलेलेच, हवेत. २६१८ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) सोसतो, पण तापल्यावर जास्त फुगतो. म्हणून क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) पिस्टन बनवणाऱ्याच्या तक्त्यानुसारच ठेवा.

पिस्टनच्या वरच्या रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) रिंग सिलिंडरमध्ये ठेवूनच मोजा: बोअरच्या दर मिलीमीटरला सुमारे ०.००६ मिमी, म्हणजे ९२ ला ०.५५. गॅप कमी पडला तर टोकं भिडतात आणि पिस्टनचा रिंगलँड (रिंगच्या खाचेलगतचा भाग) तुटतो. कॉम्प्रेशन रेशो ८:१ च्या आसपास ठेवा.