हंगामाप्रमाणे पंगत : पाहुण्यांच्या जेवणाची मांडणी कशी करावी

घरी पाहुणे जेवायला येणार असले की काय रांधायचे याचा विचार चार दिवस आधीपासून सुरू होतो; परंतु ते जेवण कशावर आणि कशा मांडणीत वाढायचे, हे मात्र बहुतेक घरांत पाने घेण्याच्या वेळी घाईघाईत ठरते. तालुक्याच्या दुकानांत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या वेली, चमकीच्या झालरी आणि कागदी फुले आणून टेबल सजवण्याची पद्धत आता आपल्या गावांपर्यंत आली आहे. विदर्भातल्या गावात राहणाऱ्या घराला त्यांची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. पाहुणे ज्या महिन्यात येत आहेत, त्या महिन्यात आपल्या शिवारात जे फुललेले, पिकलेले किंवा वेचणीला आलेले असेल, तेच त्या दिवसाच्या मांडणीचे सूत्र धरावे. एकदा सूत्र ठरले की कापड, भांडी, फुले आणि पदार्थ यांची निवड करताना फारशी ओढाताण होत नाही.

सूत्र मात्र एकच असावे. कापसाची बोंडे, संत्री आणि झेंडूच्या माळा एकाच टेबलावर आल्या की त्या मांडणीला बाजाराची कळा येते. एक मुख्य वस्तू, तिला उठाव देणारा एक रंग आणि भांड्यांसाठी एकच धातू किंवा माती, एवढ्यावर थांबावे. पितळ काढायचे असेल तर सगळे पितळेचेच काढावे. पितळ, स्टील आणि काच यांची सरमिसळ नजरेला खटकते.

सजावटीआधी जागा मोजून घ्यावी. टेबलावर एका माणसाला ऐसपैस जेवायला साधारण दोन फूट रुंदी लागते, म्हणून ६ फूट बाय ३ फूट टेबलाच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा जणच बसवावेत. जमिनीवर पंगत असेल तर एका पाटाच्या मध्यापासून शेजारच्या पाटाच्या मध्यापर्यंत अडीच फूट अंतर ठेवावे आणि समोरासमोरच्या दोन ओळींमध्ये वाढणाऱ्याला वाकून फिरता येईल अशी चार फुटांची वाट सोडावी. वयस्क मंडळींना खाली बसवत नसेल तर त्यांच्यासाठी छपरीत टेबल आणि इतरांसाठी पाट अशी दुहेरी व्यवस्था खुशाल करावी, फक्त दोन्हीकडे सूत्र तेच असावे, म्हणजे टेबलावरच्या पाहुण्यांना आपण पंगतीबाहेर पडलो असे वाटत नाही. टेबलाच्या मधली सजावट एका वितीपेक्षा उंच करू नये. समोरच्याचा चेहरा दिसला नाही तर गप्पा तुटतात आणि वाढणाऱ्याचा हातही अडतो.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत यवतमाळ, वर्धा, अकोला, अमरावती या भागांत कापसासारखे दुसरे सूत्र नाही. कापूस पांढरा असल्यामुळे अनेक जण त्याखाली पांढरीच चादर घालतात आणि सगळी शोभा त्या पांढऱ्यात बुडून जाते. खाली गडद रंग हवा: विटकरी, जांभळट तपकिरी किंवा नीळ रंगाची जाडसर खादी. घरात आजीचे जुने नऊवारी लुगडे असेल तर त्याचा पदर हातभर रुंदीची घडी घालून टेबलाच्या मधोमध लांबीला अंथरावा. काठ दोन्ही बाजूंना सरळ रेषेत येतील अशी घडी घातली की वेगळी झालर लागत नाही. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उद्घाटन झालेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांनी रंगवलेली खादी मिळते. असे एक कापड घरात असले की ते वर्षानुवर्षे कामाला येते.

त्या कापडावर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एकच फांदी आडवी ठेवावी. तिच्यावर पूर्ण उमललेली तीन ते पाच बोंडे असावीत, पाने काढून टाकावीत आणि फांदीची साल ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, म्हणजे तिचा तांबूस रंग उजळतो. फांद्यांचा भारा करून फुलदाणीत खोचण्याचा मोह टाळावा. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके अणकुचीदार असतात, पदर आणि बाह्या त्यांत अडकतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की शेतातून तोडलेले बोंड थेट जेवणाच्या जागी आणू नये. त्यात गुलाबी बोंडअळी किंवा लाल ढेकूण दडलेले असू शकतात आणि जेवताना ताटाशेजारून अळी निघाली तर पाहुण्यांच्या तोंडाची चव जाते. शिवाय कापसावर फवारणी होते. म्हणून फवारणी होऊन बरेच दिवस झालेल्या पट्टीतलीच फांदी निवडावी, ती दोन दिवस कडक उन्हात पालथी-उताणी करून वाळवावी, अंगणात नीट झटकावी, आणि मांडताना ती कोणत्याही ताटापासून वीतभर दूर राहील याची काळजी घ्यावी. हे अंतर आणखी एका कारणासाठी हवे: सुटा तंतू गरम भाकरीला चटकन चिकटतो. मांडणी आटोपल्यावर हात साबणाने धुऊन मगच वाढायला घ्यावे.

कापसाच्या मांडणीत उघडी ज्योत टेबलावर अजिबात ठेवू नये. दिवा हवाच असेल तर काच असलेला कंदील कोपऱ्यातल्या तिवईवर ठेवावा. गावाकडे ऐन जेवणात वीज गेली तर तोच उपयोगाला येतो. या मांडणीला शोभणारे जेवणही शिवारातलेच आहे: ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत, जवसाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कोथिंबिरीची सांभारवडी आणि शेवटी वडाभात. भाकरी बुरडाकडून आणलेल्या नव्या टोपलीत, खाली स्वच्छ पंचा घालून ठेवाव्यात. टोपली नवी असेल तर आतून जाड फडक्याने घासून बांबूची कुसळे काढून टाकावीत.

फाल्गुनात पळस फुलला की दुसरे काही शोधण्याचे कारण उरत नाही. पळसाच्या फुलाला जवळपास वास नसतो आणि जेवणाच्या जागी हाच त्याचा मोठा गुण आहे, कारण मोगरा किंवा निशिगंध ताटाजवळ ठेवला की पुरणाचा आणि तुपाचा वास मरतो. फुले सकाळी ऊन चढण्यापूर्वी झाडाखालून वेचावीत. पहाटे गळून पडलेली फुले ताजीच असतात, फांद्या ओरबाडण्याची गरज पडत नाही. ती चाळणीत घेऊन हलकेच हलवली की मुंग्या आणि माती खाली पडते. पितळेच्या कोपरात, म्हणजे काठाच्या पसरट भांड्यात, चार बोटे पाणी भरून त्यावर ती मोकळी सोडावीत. कोपर काठोकाठ भरू नये आणि फुलांनी गच्च झाकूही नये. पितळेच्या तळावर पडणारी फुलांची सावली दिसली पाहिजे. होळीचा रंग याच फुलांपासून करतात हे लक्षात ठेवून ओली फुले पांढऱ्या कापडावर ठेवू नयेत, त्यांचा केशरी डाग पडतो. खाली कापडाऐवजी शिंदीच्या पानांची चटई अंथरावी.

पळसफुलांसोबत पळसाच्याच पत्रावळी घ्याव्यात, हे ओघानेच आले. परंतु येथे एक अडचण आहे. पळस फुलतो तेव्हा झाडावर पाने जवळजवळ नसतात, हिरवी पालवी नंतर फुटते. त्यामुळे फाल्गुनातल्या जेवणासाठी पत्रावळी आणि द्रोण आधीच टाचून वाळवलेले घ्यावे लागतात. वाळलेली पत्रावळ तशीच वापरली तर काडीजवळ चिरते आणि रस्सा खाली झिरपतो. जेवणाच्या तासभर आधी दोन्ही बाजूंनी पाण्याचा हबका मारून पत्रावळी एकावर एक रचाव्यात आणि ओल्या धडप्यात गुंडाळून ठेवाव्यात. पान मऊ होते, त्याला पुन्हा लवचीकपणा येतो. प्रत्येकाला दोन पत्रावळी एकावर एक, वरच्या पत्रावळीचा जोड खालच्या पानाच्या मध्यावर येईल अशा बेताने द्याव्यात. पाटवडीचा रस्सा किंवा कढी कितीही दाट असली तरी द्रोणातच वाढावी आणि द्रोणाला टेकू म्हणून शेजारी पुरणपोळी नव्हे, भात ठेवावा. पोळी भिजली की पाहुणा ती संकोचाने खातो.

संत्र्याची मांडणी सर्वांत सोपी आहे. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात अंबिया बहाराची फळे दिवाळीच्या मागेपुढे आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये हाताशी असतात. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे फळ आडवे मधोमध चिरून आतल्या फोडी बोटाने अलगद सोडवता येतात आणि सालीच्या अख्ख्या वाट्या मिळतात. या वाट्यांत कोशिंबीर किंवा संत्र्याच्या सोललेल्या फोडी घालून प्रत्येक ताटात एक ठेवावी. आंबट किंवा मीठ घातलेला पदार्थ वाढायच्या आधी अगदी शेवटी भरावा, नाहीतर सालीचा कडवटपणा उतरतो. खाली हिरवे कापड, वर दोन पानांसकट चार फळे, एवढे पुरे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे नवा तांदूळ आल्यावर धानाच्या लोंब्यांचे सूत्र धरावे. लोंब्यांचे तोरण टेबलाच्या वर नव्हे, दारावर बांधावे, कारण पिकलेला दाणा सतत गळत असतो. टेबलावर मातीच्या पसरट पणतीत मूठभर धान आणि बाजूला साधी पांढरी रांगोळी ठेवली तरी नव्या भाताचा वास बाकीचे काम करतो.

तान्ह्या पोळ्याला लेकरांना जेवायला बोलावले असेल तर त्यांचे लाकडी बैल मांडणीत घ्यावेत, मात्र ते पुजलेले असतात, म्हणून उष्ट्या ताटांमध्ये न ठेवता पंगतीच्या टोकाला चौरंगावर ओळीने उभे करावेत. लहान मुलांसाठी पाट भिंतीकडे आणि द्रोण लहान घ्यावेत.

वैशाखाच्या दिवसांत, पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा, फुलांचा नादच सोडावा. सकाळी वेचलेले फूल दुपारी माना टाकते. आंब्याच्या पानांचा डहाळा, केळीचे पान, वाळ्याची जुडी टाकलेला माठ आणि रसाच्या वाट्यांवर जाळीदार झाकणे, हीच उन्हाळ्याची खरी सजावट होय. कूलर सुरू असेल तर सुकी रांगोळी ताटात उडते, म्हणून ती ओल्या तांदळाच्या पिठाने बोटाने काढावी.

रानातून काही आणताना ते विषारी नाही ना, याची खात्री करावी. कण्हेर दिसायला सुरेख असते आणि बहुतेक प्रत्येक अंगणात असते, पण तिचे सगळे भाग विषारी आहेत. धोतऱ्याचेही तसेच आहे. गुंजेचे लाल-काळे दाणे थाळीत चमकतात म्हणून पसरणारे लोक मी पाहिले आहेत, हे दाणे अत्यंत विषारी असल्याने लहान मुले असलेल्या पंगतीत तर ते चुकूनही नसावेत. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. ही फुले देवाला वाहिली जातात, ताटाजवळ ठेवू नयेत.

मांडणी कोणतीही असो, ताटाचा जुना क्रम मोडू नये, कारण तो सोयीचा आहे. मीठ समोर मध्यभागी, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि रस्सा, मध्ये वरणभाताची मूद आणि तीवर तूप. उजव्या हाताला जास्त लागणारे पदार्थ उजवीकडे असतात आणि पाण्याचा गडवा-पेला डावीकडे ठेवला की उष्टा हात त्याला लागत नाही. केळीचे पान असेल तर त्याचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला यावे. सजावटीचे फूल ताटात ठेवू नये. ताटात जे आहे ते सगळे खाता आले पाहिजे.

कापड आदल्या दिवशी इस्त्री करून, घडी न घालता खाटेवर पसरून ठेवावे. भांडी चिंचेने घासून कोरडी करावीत. फुले आणि पाने त्याच सकाळी आणावीत, रांगोळी पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी काढावी आणि द्रोण अगदी शेवटी मांडावेत. फुले, पत्रावळी आणि रांगोळीचे पीठ यांचा एक हिस्सा सुरुवातीलाच वेगळा काढून ठेवावा, तो शेवटच्या पंगतीसाठी. त्या पंगतीत घरातल्या बाया आणि राबणारी माणसे बसतात आणि त्यांच्या वाट्याला बहुधा चुरगळलेले कापड नि विस्कटलेली फुले येतात. कोपरातले पाणी बदलावे, कापडाची दुसरी बाजू वर करावी आणि पहिल्या पंगतीसारखेच पान मांडून त्यांना बसवावे. आधी जेवून उठलेल्या पुरुषांनी वाढावे.

जेवणे आटोपली की पत्रावळी थेट खताच्या खड्ड्यात जातात. पऱ्हाटीची फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली तर त्याच मोसमात पुन्हा वापरता येते. कापडावर रश्शाची हळद सांडली असेल तर त्यावर साबण लावताच डाग लालसर होतो. त्याने घाबरून जाऊ नये. डाग साध्या साबणाने धुवावा आणि कापड ओले असतानाच कडक उन्हात घालावे. उन्हाने हळदीचा रंग उडतो, दोन-तीन दिवसांच्या उन्हात डाग फिका होत नाहीसा होतो. रंगीत खादी मात्र उलटी करून डागाचाच भाग उन्हाकडे राहील अशी दुमडून वाळवावी, म्हणजे बाकीच्या कापडाचा रंग विटत नाही.