जुळी-तिळी येणार असतील तर: इंदूरच्या राजवाड्याजवळच्या घरासाठी तयारी

४ मे २०२१ रोजी माली देशाच्या हलिमा सिस्से यांना मोरोक्कोतल्या कासाब्लांकात एकाच खेपेला नऊ बाळं झाली आणि नऊच्या नऊ जगली. आधीच्या सोनोग्राफीत सातच दिसली होती. तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं, वजनं अर्धा ते एक किलोच्या दरम्यान, आणि सगळ्यांना घेऊन मायदेशी परतायला डिसेंबर २०२२ उजाडला. बातमी झाली ती नऊ या आकड्याची. दवाखान्यात मात्र दुसरेच दोन आकडे चालतात: किती आठवडे आणि किती ग्रॅम. जुळी सरासरी सदतिसाव्या आठवड्याच्या आसपास येतात, तिळी तेहतीस-चौतिसाव्या. खालची सगळी खटपट हे आठवडे राखण्यासाठी आणि नंतर ते ग्रॅम वाढवण्यासाठी आहे.

वार किती, हे आधी विचारा

अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी चुकवू नका. मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही आणि कायद्याने कोणी सांगणारही नाही. विचारायचं ते हे: वार (गर्भाला पोसणारी, प्लॅसेंटा) किती आणि पाण्याच्या पिशव्या किती? उत्तर रिपोर्टवर लिहून घ्या. पुढे दोन वारा एकमेकींना चिकटून एकच दिसू लागतात, मग खात्रीने सांगणं अवघड होतं.

वार वेगवेगळी असेल तर दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते. एकाच वारेवर दोघं असतील तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी हवी, कारण वारेतल्या रक्तवाहिन्यांचे जोड एकाचं रक्त दुसऱ्याकडे वळवू शकतात. मग एकाची पिशवी तुंबते, दुसऱ्याची कोरडी पडते. दोन-तीन दिवसांत पोट एकदम वाढलं, ताठरलं, आडवं होता येईना, तर ‘मुलं छान पोसली जातायत’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. वेळेत कळलं तर लेसरने ते जोड बंद करता येतात.

गुंतागुंत नसेल तर प्रसूती साधारण अशी ठरवतात: दोन वारा असल्या तर सदतिसावा आठवडा, एक वार पण पिशव्या दोन असल्या तर छत्तिसावा, वार आणि पिशवी दोन्ही एकच असेल तर बत्तीस ते चौतीस, तिळ्यांना पस्तिसावा.

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) चालू असेल तर गर्भाशयात गर्भ किती सोडणार हे आधीच ठरवून घ्या. कॅलिफोर्नियात २००९ मध्ये आठ बाळं जन्मली, त्या वेळी बारा गर्भ सोडले होते. त्या डॉक्टरांचा परवाना २०११ मध्ये रद्द झाला. बीज वाढवणाऱ्या नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांवर असाल आणि सोनोग्राफीत बरीच बीजं एकदम पिकलेली दिसली, तर तो महिना सोडून देणंच शहाणपणाचं.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून

दवाखाना निवडताना खोलीचं भाडं नंतर विचारा. आधी हे: नवजात अतिदक्षता विभागात एकाच वेळी दोन किंवा तीन जागा मिळतील का? बाळं दोन दवाखान्यांत विभागली गेली की आईचं दूध पोचवण्यातच घरची माणसं दमतात. सरकारी तपासणी हवी असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला ती मोफत असते.

राजवाडा, सराफा, मल्हारगंजकडच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनी पंचांगही बघावं. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) निघाल्या की तिथून गाडी बाहेर काढणं मुश्कील. ती तारीख तिसाव्या आठवड्यानंतर येत असेल तर आदल्या दिवशीच सुदामानगरला किंवा बाहेरच्या वस्तीतल्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जा. १०८ चा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा.

पाणी जाणं, रक्त दिसणं, पोट ठरावीक अंतराने कडक होणं, डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे काजवे, रक्तदाब १४०/९० किंवा वर: यातलं एकही झालं की निघायचं. चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. डेक्सामेथासोन असेल तर ६ मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. घरी वाट पाहण्यात गेलेले तास या डोसांतून वजा होतात.

घरी आल्यावर: गप्प बाळाकडे लक्ष

जुळ्या-तिळ्यांच्या घरात नेहमी होणारी चूक एकच: रडणाऱ्याला दोनदा पाजलं जातं आणि झोपाळू तसंच राहतं. कमी वजनाच्या बाळाला भूक लागली तरी रडायला ताकद नसते. म्हणून घड्याळावर पाजा, तिघांना मिळून दिवसाला चोवीस वेळा. भिंतीवर प्रत्येकाचा वेगळा कागद लावा: वेळ, मिली, शू, शी. ओळखीसाठी मनगटाला काळा दोरा नको, सुजेत रुततो. पायाच्या अंगठ्याला वेगवेगळ्या रंगाचं नेलपॉलिश लावा.

दूध किती? पूर्ण दुधावर आलेल्या बाळाला साधारण किलोमागे दिवसाला १५० मिली, १.८ किलोच्या बाळाला २७० मिली, म्हणजे आठ वेळांत प्रत्येकी सुमारे ३४. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. आईने पहिल्या सहा तासांत दूध काढायला सुरुवात करावी आणि दिवसातून आठदा काढावं, त्यात रात्रीचं एक हवंच. इंदूरच्या मे महिन्यात काढलेलं दूध ओट्यावर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये.

बाटलीपेक्षा आजीचं बोंडलं (दूध पाजायची चोचीची वाटी) बरं. बाळाला अर्धवट बसतं धरा, बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवा आणि दूध ओठापर्यंत येऊ द्या. बाळ चाटेल, गिळेल, थांबेल. ते थांबलं की तुम्हीही थांबा. ओतलं की ठसका लागतो आणि दूध फुप्फुसात जाऊ शकतं. बोंडलं दर वेळी उकळून घ्या.

ऊब शेगडीने नाही, अंगाने द्या. बाळाला फक्त डायपर, टोपी, मोजे घालून उघड्या छातीवर बेडकासारखं टेकवा, मऊ लुगड्याने बांधा. आईकडे दोन, बाबांकडे एक. धुरी, मध, बाळगुटी तिन्ही बंद, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आग्रहावरून आठवलं, बघ्यांना दारातच थांबवा. १९३४ मध्ये कॅनडात एकाच वेळी जन्मलेल्या पाच डिऑन बहिणींना सरकारने ताब्यात घेऊन वर्षानुवर्षं लोकांसमोर प्रदर्शनासारखं ठेवलं. तुमच्या बारशाला दोनशे पाहुणे हे त्याचंच छोटं रूप, वर खोकला-सर्दी फुकट. वजन अडीच किलोपर्यंत जाईतो बारसं घरच्या चार माणसांत उरका.

पाय गार लागणं, लागोपाठ दोन वेळा दूध न घेणं, छातीचे खळगे आत ओढले जाणं, मधेच श्वास थांबणं: यांत फोनवर सल्ला घेत बसू नका, बाळ छातीशी धरून निघा.

लशी जन्मतारखेनेच द्यायच्या. मान धरणं, बसणं मात्र अपेक्षित तारखेपासून मोजायचं. आणि चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येकाची डोळ्याच्या पडद्याची तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत झालीच पाहिजे. अठ्ठावीस आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. डोळे बाहेरून टपोरे, छान दिसतात, म्हणूनच ती राहून जाते. एकाची झाली म्हणजे तिघांची झाली असं समजू नका, भिंतीवरच्या तिन्ही कागदांवर ही तारीख वेगवेगळी लिहा.