गेटिसबर्गच्या दफनभूमीत जाताना

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात घरटी कुणीतरी अमेरिकेला मुलांकडे जाऊन आलेलं असतं. नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं. तुमचा मुक्काम वॉशिंग्टनच्या बाजूला असेल, तर मुलांकडून एक आख्खा दिवस गेटिसबर्गसाठी मागून घ्या. पेनसिल्व्हेनियातलं हे गाव, अमेरिकन यादवीतली मोठी लढाई इथे झाली आणि तिच्यातल्या सैनिकांची दफनभूमी इथे आहे. तिथे रेल्वे जात नाही, गाडीने दोनेक तास लागतात. लेकीकडे होते तेव्हा मी दोनदा गेले. पहिल्यांदा सगळं घाईत झालं, म्हणून हे लिहितेय.

निघण्याआधी एवढं वाचून ठेवा. गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेतली दक्षिणेची राज्यं फुटली आणि यादवी पेटली. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत इथल्या लढाईत दोन्हीकडचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. ऐन उन्हाळ्यात प्रेतं शेतांमध्येच उथळ खड्ड्यांत पुरली होती. त्यांतली उत्तरेच्या सैनिकांची प्रेतं उकरून या दफनभूमीत आणण्याचं काम बेझिल बिग्ज या कृष्णवर्णीय शेतकऱ्याने आणि त्याच्या माणसांनी केलं. त्याचं नाव लक्षात असू द्या, तिथे गेल्यावर आठवतं. ही जागा उत्तरेच्या सैनिकांची. दक्षिणेच्या सैनिकांचे अवशेष १८७० च्या दशकात बहुतेक रिचमंडला आणि दक्षिणेतल्या इतर गावांत नेले.

दफनभूमीला तिकीट नाही, म्युझियमला आहे. सकाळी लवकर जा, सूर्यास्ताला बंद होते. बूट मऊ घाला, टोपी घ्या, डबा गाडीतच राहू द्या.

आता महत्त्वाचं. आत उभे पांढरे दगड रांगेत दिसले की आपण तिथेच थांबतो आणि फोटो काढतो. मीही पहिल्यांदा तेच केलं. पण ते नंतरच्या युद्धांतल्या सैनिकांचे. यादवीतले सैनिक मधल्या उंच स्मारकाभोवती अर्धवर्तुळात आहेत, आणि त्यांचे दगड जमिनीलगत आहेत. ग्रॅनाइटच्या लांब पट्ट्यांवर नाव आणि सैन्यातली तुकडी, म्हणजे कंपनी आणि रेजिमेंट, कोरलेली. वाचायचं तर वाकावंच लागतं. गुडघे दुखत असतील तर सोबत कुणाला तरी घ्या, पण वाचा. एकेका राज्याचा एकेक भाग आहे; न्यूयॉर्कचे ८६७ जण आहेत. विल्यम सॉन्डर्सने आराखडा करताना हुद्दा पाहिला नाही. अधिकारी आणि साधा शिपाई एकाच पंगतीला.

दाराजवळ लिंकनचा अर्धपुतळा आणि त्याचं भाषण कोरलेलं आहे. तिथे गर्दी असते, पण भाषण त्या जागेवर झालं नव्हतं. १९ नोव्हेंबर १८६३ ला दफनभूमीच्या अर्पण सोहळ्यात नामांकित वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले आणि मग लिंकन जेमतेम दोन मिनिटं. ते भाषण मोबाइलमध्ये घेऊन ठेवा आणि थडग्यांमध्ये उभं राहून हळू आवाजात वाचा. मराठी अनुवाद मिळाला तर तोही वाचा. मला तो जास्त भिडला.

आणि अर्धवर्तुळाच्या टोकांकडे गेल्याशिवाय परत फिरू नका. तिथे छोटे चौकोनी संगमरवरी ठोकळे आहेत, त्यांवर नुसते आकडे. ९७९ जणांची ओळख पटलीच नाही. तलावपाळीला एक फेरी मारायला लागतो तेवढा वेळ तिथे काढा.

माझे चुलत आजोबा साताऱ्याकडून पहिल्या महायुद्धावर गेले, ते परतले नाहीत. आजी श्राद्धाला पान वाढायची, पण त्यांना कुठे पुरलं की जाळलं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या आकड्यांपुढे उभी राहून मी त्यांचं नाव मोठ्याने घेतलं. लेक बाजूला होती, तिने ते पहिल्यांदाच ऐकलं. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर निघताना त्यांचं पूर्ण नाव वडीलधाऱ्यांना विचारून घ्या.