माल पाठवायचाय? नुसता किलोचा रेट विचारू नका

तुर्भे, महापे, वागळे इस्टेट, भिवंडी, कुठेही छोटा धंदा असू दे, ट्रान्सपोर्टवाल्याला पहिला प्रश्न ठरलेला, किलोला किती? पण तो अर्धाच खर्च आहे हो, दोन्हीकडचा टेम्पो, हमाली, मोडतोड आणि माल वाटेत असेपर्यंत अडकलेला पैसा हे सगळं धरा आणि मग ठरवा.

सगळ्यात आधी खोका मोजा, टेप घेऊन. समजा चिवड्याचा खोका आहे ६० बाय ४० बाय ४० सेंटीमीटर, काट्यावर भरतो ९ किलो. कुरियरवाले बहुतेक लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून ५००० ने भागतात, म्हणजे १९.२ किलो, आणि दोन्हीत जे जास्त त्याचेच पैसे लावतात. एअर कार्गोला साधारण ६००० ने भागतात, तरी १६ किलो होतातच. म्हणून फुगीर माल विमानाने नको. औषधं, मशीनचे अर्जंट पार्ट, परदेशी जाणारा हापूस, जिथे उशीर झाला की मालच वाया, तिथे विमान परवडतं.

पुणे-नाशिकसाठी सरळ ट्रक, दारात येतो. गाडी भरत नसेल तर पार्ट लोड, म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच गाडीत, पण त्यात माल मधे गोडाऊनला उतरतो परत चढतो त्यामुळे पॅकिंगवर कंजूषी अजिबात करू नका. ठाण्यात अवजड गाड्यांना ठराविक वेळी एन्ट्री बंद असते, लोडिंगची वेळ त्याप्रमाणे घ्या.

रेल्वे लांबच्या आणि जड मालाची, सिमेंट, धान्य, लोखंड. रुळावर घर्षण कमी म्हणून टनामागे इंधन कमी लागतं, पण दोन्ही टोकांना ट्रक लागतोच, जवळच्या अंतरात ती बचत तिथेच संपते. परदेशी जायचं आणि घाई नसेल तर न्हावा शेवा. हे बंदर १९८९ ला सुरू झालं आणि उरण-पनवेलकडे गोडाऊन, ट्रेलर, कस्टमची कामं करणारे एजंट, किती घरं त्यावर चालतात बघा! कंटेनर भरण्याएवढा माल नसला तरी एलसीएलमध्ये, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरात, थोडी जागा घेता येते.

राज्याबाहेर ५० हजार रुपयांवरचा माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, काढा, त्यात गाडी नंबर टाकला की साधारण २०० किमीला एक दिवस मिळतो, वाटेत गाडी बदलली तर नवा नंबर लगेच टाका. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर, खोके किती ते गाडी सुटायच्या आधी मोजून घ्या, आणि माल घेणाऱ्या पार्टीला सांगून ठेवा की फुटका खोका आला तर सही करतानाच बिल्टीच्या कॉपीवर तसं लिहायचं आणि फोटो काढायचा.