अमेरिकेत ऑनलाइन बीएसएन निवडताना मान्यता कशी तपासावी

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) या पदविकेवर भारतातून अमेरिकेत येऊन, एनक्लेक्स ही परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन रुग्णालयात काम करणाऱ्या मराठी परिचारिकांना पुढे बढतीसाठी किंवा एमएसएनच्या (परिचर्येतील पदव्युत्तर पदवीच्या) प्रवेशासाठी बीएसएन या परिचर्येतील पदवीची गरज भासते. न्यूयॉर्क राज्याने तर डिसेंबर २०१७ मध्ये कायदा करून, त्यानंतर या व्यवसायात येणाऱ्या आरएनना (नोंदणीकृत परिचारिकांना) परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत परिचर्येची पदवी घेणे बंधनकारक केले. रात्रपाळी आणि घर सांभाळून शिकायचे असल्याने ऑनलाइन ‘आरएन टू बीएसएन’ अभ्यासक्रम सोयीचा ठरतो. मात्र जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त’ असे लिहिलेले दिसले, की ती मान्यता कोणाची आणि कशाला, हे आधी विचारावे.

संपूर्ण विद्यापीठाची मान्यता वेगळी आणि त्यातील परिचर्या अभ्यासक्रमाची वेगळी. पहिली हायर लर्निंग कमिशनसारख्या संस्था देतात. दुसरी सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन सीएनईए या परिचर्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीकडून मिळते. आपल्याला दोन्ही हव्यात, कारण अभ्यासक्रमाला मान्यता नसेल, तर पुढे एमएसएनचा प्रवेश नाकारला जाऊ शकतो आणि अनेक रुग्णालये अशी पदवी ग्राह्य धरत नाहीत. आरएनचा परवानाच नसलेल्या आणि पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्या विद्यार्थिनीने याशिवाय राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगची मंजुरीही पाहिलीच पाहिजे, कारण परीक्षेला बसण्याची पात्रता बोर्ड ठरवते.

ही तपासणी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर करू नये. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत महाविद्यालयाचे नाव शोधावे आणि तेथे पदवीचा स्तर बारकाईने वाचावा. एसीईएन व्यावहारिक परिचर्येपासून डॉक्टरेटपर्यंत सर्व स्तरांना मान्यता देते, त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाचा दोन वर्षांचा असोसिएट अभ्यासक्रम यादीत असतो आणि बीएसएन नसतो, असे होऊ शकते. ‘कँडिडेट’ किंवा ‘अर्जदार’ असा शेरा असेल, तर मान्यता अजून मिळालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. प्रवेश अधिकारी फोनवर कितीही खात्री देवोत. पुढील पुनर्तपासणीचे वर्षही टिपून ठेवावे.

इतकी खबरदारी कशाला, असे वाटत असेल, तर जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने उघड केलेले प्रकरण आठवावे. फ्लोरिडातील काही शाळांमधून ७,६०० हून अधिक बनावट परिचर्या प्रमाणपत्रे विकली गेली होती आणि ती घेऊन काहींनी परवानेही मिळवले होते. रुग्णाच्या जिवाशी संबंध असलेल्या पेशात ‘झटपट पदवी’ हा शब्दच धोक्याची खूण मानावा, असे माझे ठाम मत आहे.

भारतीय पदविकेमुळे आपल्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. अनेक विद्यापीठे जीएनएमचे गुणपत्रक थेट स्वीकारत नाहीत. सीजीएफएनएस (आताचे नाव ट्रूमेरिट) किंवा डब्ल्यूईएससारख्या, परदेशी शिक्षण तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन मागतात आणि त्यावरून किती श्रेयांक (क्रेडिट) मान्य करायचे, ते ठरवतात. मान्य होणाऱ्या श्रेयांकांचा आकडा शुल्क भरण्यापूर्वी लेखी घ्यावा, कारण एकूण खर्च आणि कालावधी त्यावरच अवलंबून असतो. प्रति श्रेयांक दर कमी असलेला अभ्यासक्रम, मागचे श्रेयांक फारसे न धरल्यास, शेवटी महागात पडतो. काही रुग्णालये शिक्षण शुल्काचा काही भाग परत देतात. त्यांच्या अटींत कोणती मान्यता लागते, तेही मनुष्यबळ विभागाला विचारून घ्यावे.

पुढे नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून उपचार ठरवणारी उच्चशिक्षित परिचारिका) होण्याचा विचार असेल, तर व्याख्याने ऑनलाइन असली, तरी प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास रुग्णालयात किंवा दवाखान्यातच भरावे लागतात. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनुसार हे किमान ७५० तास आहेत. देखरेख करणारा प्रीसेप्टर विद्यापीठ शोधून देते की विद्यार्थिनीने शोधायचा, आणि आपण राहतो त्या राज्यात हा अभ्यासक्रम परवान्यासाठी चालतो का, याची उत्तरे प्रवेशाआधीच लेखी मागावीत.

महाराष्ट्रात राहून बारावीनंतर परिचारिका होऊ पाहणाऱ्यांना मात्र हा मार्ग लागू नाही. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगमध्ये वॉर्डातील प्रशिक्षण अनिवार्य असते, त्यामुळे घरबसल्या ही पदवी देऊ करणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नयेत आणि प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाची मान्यता महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तपासावी.